तीन सूत

दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढलेलं, ट्रायलचा पडदा लावलेला आणि पडद्यामागे मी, कमरेपासून वर उघडी, आरशासमोर उभी. दोन्ही खांद्यांवर कापडाच्या खडूने खूण केली होती. तिथून टेप खाली सोडला. डावीकडे साडेनऊ इंच भरले. उजवीकडे नऊ आणि एक सूत. पुन्हा मोजलं, तरी तेच. इंचाचे आठ सूत, म्हणजे उजवी बाजू डावीपेक्षा तीन सूत वर होती.

तीन सूत म्हणजे काही फार नाही असं ज्याला वाटतं, त्याने जन्मात कधी ब्लाउज शिवलेला नाही.

ऑपरेशनला बारा दिवस झाले होते. छाती मोठी करण्याचं ऑपरेशन. आज हे लिहिताना हात अडखळत नाही, पण तेव्हा मनातल्या मनात म्हणतानाही मी इकडे-तिकडे बघायची. विट्यात माझं ब्लाउजचं दुकान. अर्ध्या गावातल्या बायकांची मापं माझ्या वहीत. कुणाला किती झाकायचं आणि कुणाला किती फुलवायचं हे मला झोपेतही सांगता आलं असतं. आणि माझ्या स्वतःच्या ब्लाउजमध्ये मात्र सोळा वर्षं दोन जाड कप शिवलेले. हळदीच्या दिवशी सासरच्या कुणा बाईने मला न्हाऊ घालताना 'पोरगी गुणाची दिसते, पण निव्वळ पाट हाय' म्हटलं होतं आणि सगळ्याजणी हसल्या होत्या. मीही हसले होते. ते हसणं काही मनातून गेलं नाही.

तर मिरजेच्या एका दवाखान्यात जाऊन, स्वतःच्या शिलाईच्या पैशांतून मी ते करून आले. सही करायला सांगलीची मावसबहीण आली होती. तिने सहीही केली आणि तोंडही मिटलं. घरी फक्त सासूबाई. त्यांना मी आत्या म्हणते. मुलगी कराडला होस्टेलवर. नवरा, जालिंदर, सेलमला. आमच्याकडच्या बऱ्याच घरांतला पुरुष सोनं गाळण्याच्या कामाला मुलखाबाहेर असतो. वर्षातून एकदा यात्रेला येतो, पंधरा दिवस राहतो आणि जातो. यात्रेला अजून तीन महिने होते. डॉक्टर शेवडे मॅडमनीही तीनच महिने सांगितले होते. "दोन्ही बाजू आपापल्या चालीने खाली येतात. एक आधी येते, एक मागून. तीन महिने तुलना करायची नाही, हात वर करायचा नाही, आणि ही घट्ट ब्रा रात्रंदिवस अंगावर ठेवायची." मी मान डोलावली होती. मला वाटलं होतं, माझं गणित बरोबर जुळलंय.

पण ज्या बाईचा डोळा शिवणीतला अर्धा सूत पकडतो, तिला तुलना करू नको सांगणं सोपं आणि तिने न करणं अवघड. रोज एकदा मोजायचं ठरवलं होतं. बाराव्या दिवशी मी सकाळपासून चौथ्यांदा मोजत होते.

बाहेर काठी टेकल्याचा आवाज आला. मी घाईने कपडे चढवले. खैरूनचाची आली होती. चाचीनेच मला कटिंग शिकवलं. विट्यात बायकांनी दुकान टाकायची पद्धत नव्हती तेव्हापासूनची ती शिवणारीण. आता तिला जवळचं दिसत नव्हतं, मशीनवर बसवत नव्हतं, म्हणून माझ्या दुकानात दारापाशी बसून हूक लावायची. सुई ओवून मी द्यायची. तिचे दोन-तीन नियम मी अजून पाळत होते. त्यातला एक म्हणजे नवरीच्या ब्लाउजचं कापड कधी दुमडून कापायचं नाही. एरवी आपण कापड दुमडतो आणि पुढचे दोन्ही भाग एकदम कापतो. नवरीचं मात्र डावं वेगळं, उजवं वेगळं. 'दुमडून कापलं तर संसार दुमडतो' असं चाचीने मला माझ्याच लग्नाच्या वेळी सांगितलं होतं, आणि पुढे मी माझ्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येक मुलीला सांगितलं.

चाची बसली, माझ्याकडे बघून म्हणाली, "गळ्याला खडू लागलाय तुझ्या."

मी पदराने पुसला. ती हुकांची डबी उघडून कामाला लागली.

त्या मंगळवारी घरी गेले तर आत्या दारातच उभ्या. मिरजेला जाताना मी त्यांना 'काखेत बारीक गाठ आहे, काढून येते' एवढंच सांगितलं होतं. खोटं बोलायचं तर ते निदान बिनधोक असावं, ही अक्कल मला तेव्हा नव्हती. आत्यांनी बारा दिवस ती गाठ मनात घोळवली. त्यांची बहीण गाठीनेच गेली होती, हे मी विसरले होते. शेवटी त्यांनी शेजारच्या फोनवरून सेलमला कळवून टाकलं.

"जालिंदर निघतोय," त्या म्हणाल्या. "ऐतवारी सकाळी येतोय. तू आता कायबी लपवू नगं."

मी जेवायला बसले आणि बोटांवर दिवस मोजले. रविवारला पाच दिवस. तीन महिन्यांचे पाच दिवस झाले होते, आणि माझ्या छातीवर एक बाजू वर, एक बाजू खाली. लपवायचं म्हटलं तरी काय लपवणार होते? आणि सांगायचं म्हटलं तर काय, की तुम्हाला न विचारता गेले आणि वाकडं करून आले? मला दुसरं ऑपरेशन दिसायला लागलं, आत्यांचं तोंड दिसायला लागलं, आणि सगळ्या विट्याला कळल्यावर माझ्या दुकानात माप द्यायला येणाऱ्या बायकांच्या नजराही दिसायला लागल्या.

बुधवारी मी ती चूक केली. दवाखान्याने दिलेली ब्रा उलटी करून बघितली आणि मला ती शिलाई पटली नाही. दोन्ही बाजू अगदी सारख्या कापलेल्या. मी म्हटलं, इथेच गडबड आहे. बाजू वर राहत असेल तर वरून दाब हवा. कापडाचा फुगा आपण असाच तर बसवतो. मी उजवीकडची शिवण उसवली, अर्धा इंच आत घेतली, आणि वरच्या अंगाला आतून बकरमची, म्हणजे कॉलरमध्ये घालतात त्या कडक कापडाची, दोन बोटं रुंद पट्टी घातली. कापायला मोठी कात्री उजव्याच हाताने चालवली. काम इतकं सफाईदार झालं की मला स्वतःचंच कौतुक वाटलं.

गुरुवारी उजवीकडे सूज होती. मोजलं तर साडेतीन सूत. मला वाटलं, दाब कमी पडला. शुक्रवारी मी ती पट्टी आणखी घट्ट केली. संध्याकाळपर्यंत पट्टीच्या कडेने लाल रेघ उठली, हात लावला तर कातडी गरम लागली. ती काढून, उसवायला घेऊन मी मशीनवर बसले होते, पाय पायडलवर, आणि मला पुढचा टाका दिसेना. डोळे भरून आले होते.

"काय उसवतीयास?" दारापाशी बसलेल्या चाचीने विचारलं.

"काही नाही."

ती उठली, काठी टेकत आली आणि माझ्या मांडीवरचं ते कापड उचलून चाचपलं. इतक्या जवळचं डोळ्यांनी तिला दिसत नव्हतं, बोटांनी मात्र सगळं कळत होतं. पट्टीवरून, दाटीवरून, कपाच्या घेरावरून तिचं बोट फिरलं. मग तिने ते माझ्या हातात परत दिलं.

"ह्ये दवाखान्याचं हाय," ती म्हणाली. "आन टाकं तुझं हायत. उजे, काय करून आलीस?"

मी सांगितलं. दुकान उघडं होतं, रस्त्यावरून माणसं जात होती, आणि मी शिलाईच्या ढिगाआड तोंड घालून सगळं सांगितलं. चाचीने ना तोबा म्हटलं ना कपाळाला हात लावला. कुठे गरम लागतंय तेवढं विचारलं. सकाळच्या पहिल्या एसटीने मिरजेला जायचं आणि आपण बरोबर येणार, हे तिने परस्पर ठरवून टाकलं. घरी मी टाके बघून घ्यायचे आहेत असं सांगितलं. आत्यांनी देवापुढचा अंगारा माझ्या कपाळाला लावला. त्या अंगाऱ्याखाली मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शेवडे मॅडमनी आधी मला तपासलं. हात गार होते त्यांचे. सोनोग्राफी झाली. मग त्यांनी खुर्चीवर ठेवलेली ती ब्रा उचलली.

"ही आम्ही दिलेलीच ना?"

"हो."

"मग ही आतली पट्टी?"

"कंपनीचीच असेल."

मॅडमनी ती उलटी केली आणि शिवणीवरून नख फिरवलं. "कंपनी इतकं नीट शिवत नाही," त्या म्हणाल्या. "फॉर्मवर तुम्ही गृहिणी लिहिलंय."

भिंतीशी स्टुलावर बसलेली चाची खाकरली. मग मीच सांगितलं की माझं ब्लाउजचं दुकान आहे, विट्यात, सोळा वर्षं. कात्रीचंही सांगितलं. त्या रागावतील असं वाटलं होतं. रागावल्याच. पण आवाज चढवून नाही. छातीचा स्नायू कात्री चालवताना कसा ओढला जातो, वरून दाबल्याने आतलं पाणी कसं अडतं, लाल रेघ बकरमच्या कडेची आहे आणि पू झालेला नाही हे नशीब समजा, आणखी चार दिवस गेले असते तर आत घातलेलं काढावं लागलं असतं, हे सगळं त्यांनी शाळेतल्या बाईसारखं एकेक करून सांगितलं. जमलेलं पाणी थोडं होतं, आपोआप जिरणार होतं. गोळ्या दिल्या, नवी ब्रा दिली, आणि एक महिना कात्रीला हात लावायचा नाही असं बजावलं.

"पण मग सारखं होईल ना?" मी विचारलं.

मॅडमनी टेबलावरचा कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला. "हा ऑपरेशनच्या आधीचा फोटो. त्या दिवशी दाखवत होते, तर तुम्ही तोंड फिरवलंत. आज बघा."

गळ्यापासून कमरेपर्यंतचा फोटो होता. चेहरा नव्हता. मी दुसऱ्या कुणाचं माप बघावं तसं बघितलं, कारण मला तसंच बघता येतं. आणि माझ्या डोळ्याने मला विचारायच्या आधीच हिशेब केला. उजवी बाजू वर होती. दोन सूत, कदाचित थोडी जास्त. बरगडीसुद्धा उजवीकडे किंचित पुढे.

"हे मी तेव्हाच सांगितलं होतं," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही मान डोलावलीत. सूज उतरली की फरक कमी होईल, पण थोडा राहणार. तो ऑपरेशनचा नाही, तुमचा आहे."

शेकडो बायका माझ्या टेपखालून गेल्या होत्या. त्यातली एकही दोन्हीकडे सारखी नव्हती. एखादी लाजत बोलली की मी लगेच म्हणायची, अगं, सगळ्यांचंच असतं. हे मी रोज म्हणत होते. माझ्या अंगाला मात्र ऑपरेशनच्या आधी मी कधी टेप लावलेला नव्हता. कशाला लावणार? माझा कागदी खाका लग्नाच्या वेळी चाचीने काढून दिलेला, त्याच्यावरच मी सोळा वर्षं माझे ब्लाउज कापत आले. तो बसायचाही असा, की बदलायचं कारणच पडलं नाही.

खाका आठवला आणि मी दवाखान्याच्या पायऱ्यांवर थांबले. माझ्या खाक्याच्या पुढच्या भागाचे कागद दोन होते. डावीकडचा वेगळा, उजवीकडचा वेगळा.

एसटीने तासगाव मागे टाकलं. मग विचारलं, "चाची, तुम्हाला माहीत होतं?"

"माप कुणी घेतलं हुतं तुझं?"

"आणि ते, नवरीचं कापड दुमडून कापत नाहीत म्हणालात ते?"

चाची खिडकीकडे तोंड करून बसली होती. "तसं काय नसतंय," ती म्हणाली. "लगीन चार दिसांवर आलेलं. तू इचारलंस, चाची, कागद दोन का? आता वीस वर्साच्या पोरीला मी काय सांगायचं हुतं? त्वांडाला आलं ते बोलून गेले."

"मी सोळा वर्षं शिकायला येणाऱ्या प्रत्येक मुलीला तेच सांगतेय."

"म्हणून तर तुझा ब्लाउज बसतोय," चाची म्हणाली. "दोन येगळं कापायचं म्हणून तू मापं दोन घेतीस. दुसरं कोण घेतंय?"

मला हसू आलं आणि हसताना उजवीकडे चांगलंच दुखलं. चाचीने माझा हात धरून आपल्या मांडीवर ठेवला आणि विटा येईपर्यंत सोडला नाही. पण हसू ओसरलं तसा रविवार पुन्हा समोर उभा राहिला. वाकडं झालं नव्हतं हे खरं. खोटं बोलले होते हेही खरं. आणि सेलमहून निघालेला माणूस दोन दिवस गाडीत बसून एका नसलेल्या गाठीकडे येत होता.

जालिंदर सकाळी नऊला आला. पिशवी खाली ठेवली, आईच्या पाया पडला, माझ्याकडे मात्र सरळ बघेना. दाढी वाढलेली. शेठकडून दोन महिन्यांची सुट्टी काढून आलो म्हणाला. आत्या दूध आणायला बाहेर पडल्या तसा तो आतल्या खोलीत आला आणि खिशातून एक चिठ्ठी काढली. सेलमच्या एका मोठ्या डॉक्टरचं नाव, पत्ता, तारीख. सगळं कुणाकुणाला विचारून त्याने ठरवून आणलं होतं.

"तपासायला पाठवली हुती का गाठ?" त्याने विचारलं. "काय आलं?"

"गाठ नव्हती," मी म्हणाले.

त्याला कळेना. मी कॉटच्या दुसऱ्या टोकाला बसून सांगितलं. ऑपरेशनचं नाव सांगितलं, मिरज सांगितलं, आत्यांना काय सांगितलं तेही सांगितलं. त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. सोनं गाळताना ॲसिडने पोळलेली त्याची बोटं तेवढी मला दिसत होती. तो हसतोय की रडतोय ते समजेना. बऱ्याच वेळाने हात काढले तेव्हा डोळे ओले होते.

"आय चार दिस जेवली न्हाय," तो म्हणाला. "मी गाडीत नुसता बसून हुतो. म्हटलं, जाईस्तवर तू दिसतीयास का न्हाय."

"चुकलं माझं. आत्यांना मीच सांगते."

"कशापायी केलंस पर? मी कधी काय बोललो का तुला?"

"नाही," मी म्हणाले. "तुम्ही कधीच काही बोलला नाहीत."

त्याने चिठ्ठीची घडी केली. बाहेर कुणीतरी बादली आपटली. मला वाटलं, आता सगळंच सांगून मोकळं व्हावं, म्हणजे पुन्हा काही उरायला नको.

"आणि ते सारखंही झालेलं नाही. उजवी बाजू थोडी वर आहे. ती आधीपासूनच होती, मलाच ठाऊक नव्हतं. तुम्हाला माहीत असेल."

"मला कसं म्हाईत असंल?" तो म्हणाला. रागाने नाही, अगदी साध्या आवाजात. "सोळा वर्सांत एकदा तरी दिवा लावू दिलास का मला?"

लग्नानंतर पहिल्या आठवड्यात मी सगळ्यात आधी काय शिवलं असेल, तर त्या खोलीच्या खिडकीचा पडदा. जाड कापडाचा, आतून दुहेरी अस्तर लावलेला, दिवसासुद्धा उजेडाची रेघ येऊ नये असा. मी तो किती नीट शिवलाय हे पाहुण्यांना दाखवायची.

आज त्या गोष्टीला अठरा वर्षं झाली. सूज उतरल्यावर फरक दीड सुतावर आला आणि तिथेच थांबला. पुढे मी मोजला नाही. चाची गेली. नवरीचं कापड मी अजून दुमडून कापत नाही, पण शिकायला येणाऱ्या मुलींना आता त्याचं खरं कारण सांगते.

त्या रविवारी मात्र आम्ही दोघं कॉटच्या दोन टोकांना होतो. मग मी उठले, हात वर करायचा नाही हे आठवून खिडकीवरच्या त्या पडद्याची खालची कड धरली आणि तो एका बाजूला सारला.